तिखटाची पुडी वापरली, पुढे काय?

"पर्समधी तिखटाची पुडी ठेवत जा वं पोरी." परतवाड्याच्या बसस्टँडवर मुलीला अमरावतीच्या गाडीत बसवून देताना हे वाक्य कितीतरी आयांच्या तोंडून निघतं. मुलगी हसते, मान हलवते आणि खिडकीजवळची जागा धरते. आईचं लक्ष मात्र गाडी वळेपर्यंत तिथंच असतं. कॉलेज, क्लास, नोकरी, दवाखान्यातली ड्यूटी अशा कारणांनी आपल्या गावातल्या मुली आता रोज बाहेर पडतात. कोणी चिखलदऱ्याच्या घाटानं वर जाते, कोणी धारणीकडे शाळेवर शिकवायला जाते. उन्हाळ्यात शाळेच्या मैदानावर कराटेची शिबिरं होतात, मुली पांढरे कपडे घालून ठोसे मारायला शिकतात. आपण कौतुकानं टाळ्या वाजवतो.

पण अशा शिबिरात एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो विचारला जातो घरी, भिशीत, नाहीतर पापड लाटताना. "बाप्पा, आपण मारलं अन् तो मेला तं? मंग आपल्यालेच पोलिस धरून नेतीन ना?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हात उचलायचा की नाही, हे त्या एका क्षणात ठरतं. "आपल्यालाच जेल होईल" ही भीती मनात पक्की बसलेली असेल तर शिकलेला ठोसाही हातातच राहतो. उलट "आता सोडायचंच नाही" हा राग डोक्यात गेला तर हात थांबायला हवा तेव्हा थांबत नाही. म्हणून आज या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहू. कायदा काय म्हणतो ते पाहू, आणि कायद्याच्या पुस्तकात मावत नाही तेही पाहू.

कायदा बाईला हात बांधून उभं राहा म्हणत नाही

स्वतःच्या शरीराचा, मालमत्तेचा आणि दुसऱ्याच्याही जिवाचा बचाव करण्याचा हक्क आपल्याला कायद्यानं दिलेला आहे. तो इंग्रजांच्या काळापासून आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये तो होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. आकडे बदलले, गाभा तोच राहिला.

काही प्रसंग असे सांगितले आहेत की ज्यात बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा धरला जात नाही. आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल, बलात्काराच्या हेतूनं हल्ला झाला असेल, पळवून नेण्यासाठी हल्ला झाला असेल, किंवा मदत मागताच येऊ नये अशा रीतीनं कोंडून ठेवण्यासाठी हल्ला झाला असेल, तर हा हक्क तिथपर्यंत जातो. २०१३ साली यात ॲसिड हल्ल्याचीही भर पडली. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडून शिरलेल्या माणसालाही हे लागू होतं.

हा हक्क फक्त स्वतःपुरता नाही, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. शेजारणीवर हल्ला झाला आणि तुम्ही धावून गेलात, तर तुम्हालाही तोच हक्क आहे. घरातल्या माणसाविरुद्धही तो आहे. नवरा गळा दाबत असेल तर "नवरा आहे" म्हणून बाईचा बचावाचा हक्क संपत नाही. शेतात कापूस वेचताना किंवा निंदण करताना हातात विळा आहे आणि कोणी अंगावर आला, तर तो विळा टाकून द्या असं कायदा म्हणत नाही.

"मग पळून का नाही गेलात?" हा प्रश्न वकील नक्की विचारणार, असं आपल्याला वाटतं. २०१० साली दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याचं उत्तर दिलं आहे. हल्ला झालेल्या माणसानं पळूनच गेलं पाहिजे असं बंधन नाही. जीव धोक्यात असताना त्यानं प्रत्येक घाव सोन्याच्या तराजूत तोलून घालावा, अशी अपेक्षाही करता येत नाही.

पण मर्यादा आहे, आणि ती महत्त्वाची आहे

या हक्काला दोन मोठे बांध आहेत. एक म्हणजे, पोलिसांकडे जाऊन संरक्षण मिळवायला वेळ होता, तर हा हक्क उरत नाही. दुसरा म्हणजे, बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही.

सोपं करून सांगते. रात्री दार तोडून माणूस आत आला, हातात सुरा आहे, तुम्ही मुसळ उचलून त्याच्या डोक्यात घातलं. हा बचाव झाला. तो पडला, शेजारी धावून आले, त्याला खांबाला बांधलं. आता धोका संपला. त्यानंतर आळीतल्या दहा जणांनी येऊन त्याला मारलं, तर तो बचाव राहत नाही. तो सूड होतो, आणि सुडाला कायद्यात जागा नाही. मुसळ तेच, माणूसही तोच. फरक पडला तो मधल्या पाच मिनिटांनी.

काल कोणी छेड काढली म्हणून आज चार भाऊ घेऊन जाऊन त्याचा हात मोडला, तर तेही बचावात बसत नाही. तेव्हा तक्रारीची वाट मोकळी होती, असं कोर्ट म्हणेल.

इथंच मनात एक खडा टोचतो. तक्रारीची वाट कागदावर मोकळी असते. पण खरोखर कोणी ऐकूनच घेत नसेल तर? एकदा नाही, दहा वर्षं ऐकून घेत नसेल तर? या प्रश्नाचं सगळ्यात कडू उत्तर आपल्या विदर्भातच, नागपुरात मिळालं.

कस्तुरबानगरच्या बायका

१३ ऑगस्ट २००४. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात भरदुपारी अक्कू यादव नावाच्या गुंडाचा खून झाला. पोलिस त्याला जामिनाच्या सुनावणीसाठी घेऊन आले होते. कस्तुरबानगर झोपडपट्टीतल्या बायका मोठ्या संख्येनं कोर्टात जमल्या होत्या. त्या वेळच्या बातम्यांत आकडा दोनशेच्या घरात दिला होता. कोणाच्या हातात तिखट होतं, कोणाच्या हातात दगड, कोणाकडे घरातले चाकू. काही मिनिटांत सगळं संपलं. त्याच्या अंगावर सत्तरच्या वर जखमा होत्या.

हा माणूस दहाएक वर्षं त्या वस्तीला छळत होता. खंडणी, मारहाण, खून, बलात्कार असे आरोप त्याच्यावर होते. तो अनेकदा पकडला गेला आणि अनेकदा सुटला. तक्रार करायला गेलेल्या बाईलाच उलट बोलणी बसत आणि तिचं नाव त्याच्यापर्यंत पोचे, असं वस्तीतले लोक सांगत. "तो पुन्हा सुटणार" ही बातमी वस्तीत पोचली, तेव्हा घरी बसून वाट पाहण्याची ताकद त्या बायकांत उरली नव्हती.

या गोष्टीत दोन प्रसंग आहेत आणि ते वेगवेगळे पाहायला हवेत. कोर्टातल्या घटनेच्या काही दिवस आधी अक्कूची माणसं उषा नारायणे या शिकलेल्या तरुणीच्या घरावर चालून आली होती. पोलिस वेळेवर पोचले नाहीत. तिनं गॅसच्या सिलिंडरची तोटी उघडली, हातात काडेपेटी धरली आणि "आत आलात तर सगळ्यांसकट उडवून देईन" असं बजावलं. ते मागे हटले. हा कायद्याच्या भाषेत स्वच्छ बचाव होता. धोका दारात उभा होता, मदत येत नव्हती, आणि तिच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

कोर्टातला प्रसंग वेगळा होता. तिथं तो पोलिसांच्या ताब्यात होता. त्या मिनिटाला त्याचा हात कोणाच्या गळ्यावर नव्हता. कायद्याच्या पुस्तकात हा बचाव बसत नाही. तरीही त्या वेळी कितीतरी लोक बायकांच्या बाजूनं बोलले. निवृत्त न्यायमूर्ती भाऊ वहाणे यांनीही जाहीरपणे त्यांची बाजू घेतली. त्या बायकांनी वर्षानुवर्षं पोलिसांकडे दाद मागितली होती आणि त्यांना संरक्षण मिळालं नव्हतं. "पोलिसांकडे जायला वेळ होता का?" असं कायदा विचारतो. त्यांचं उत्तर होतं, "वेळ होता, गेलोही होतो, कोणी दार उघडलं नाही."

बायकांना अटक झाली, तेव्हा वस्तीतल्या इतर बायका पुढे आल्या. "आम्हा सगळ्यांनाच धरा," असं त्या म्हणाल्या. आपण घटनेच्या वेळी कोर्टात नव्हतो, असं उषा नारायणे यांचं म्हणणं होतं, तरी आरोपींत त्यांचंही नाव आलं. खटला दहा वर्षं चालला. २०१४ साली सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. वार नेमके कोणी केले, हे सिद्ध झालं नाही.

आपण ही गोष्ट सांगताना कोर्टातल्या त्या काही मिनिटांवर थांबतो. त्यानंतरची दहा वर्षं सांगत नाही. तारखा, वकील, रोजी बुडणं, "ही त्या केसमधली" म्हणून बोट दाखवणारी माणसं. सुटका झाली तरी ती वर्षं परत मिळाली नाहीत. शिवाय ज्यांचं काम पहिल्या तक्रारीलाच थांबवण्याचं होतं, त्यांच्याकडे कोणी तेवढ्याच कठोरपणे जाब मागितला नाही.

गर्दीला चेहरा नसतो, म्हणून डोळेही नसतात

कस्तुरबानगरच्या बायकांना त्यांचा छळणारा कोण, हे पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक गर्दीला ते ठाऊक असतंच असं नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गाव. त्या दिवशी तिथं आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथं आले. त्या दिवसांत मोबाईलवर "मुलं पळवणारी टोळी फिरतेय" असे निरोप फिरत होते. कोणीतरी संशय घेतला, गर्दी जमली. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण मेले. मुलं पळवल्याचा काहीही पुरावा नव्हता.

मारणारे लोक मनातून काय समजत असतील? आपण आपल्या लेकरांचं रक्षण करतोय, असंच. म्हणून "पोलिस काही करत नाहीत, आपणच निकाल लावू" हे वाक्य ऐकायला कितीही बरं वाटलं तरी ते घरात रुजू देऊ नये. आज ते खऱ्या गुंडावर चाललं, उद्या ते पोटासाठी फिरणाऱ्या माणसावर चालतं. आपल्या गावातही बहुरूपी, गोसावी, भांडी विकणारे, मेंढ्या घेऊन फिरणारे येतात. व्हॉट्सॲपवर आलेला तसा निरोप न तपासता पुढे ढकलणारं बोट आपलंही असतं. ती आपली जबाबदारी आहे.

पोलिसांचा "स्वसंरक्षणार्थ गोळीबार"

बचावाचा हक्क पोलिसांनाही आहे. त्याची मर्यादाही त्यांना लागू आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. तक्रार नोंदवायला गेलेल्या पालकांना तासन्‌तास ताटकळत बसावं लागलं. लोक चिडले, २० ऑगस्टला रेल्वे रोखली. पुढे २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्यानं बंदूक हिसकावून गोळी झाडली, म्हणून आम्ही स्वसंरक्षणार्थ गोळी चालवली, असं पोलिसांनी सांगितलं. काही ठिकाणी पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. त्यात गाडीतल्या पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरलं होतं आणि स्वसंरक्षणाच्या दाव्यावर संशय घेतला होता.

"अशा नराधमाला असंच पाहिजे," असं आपल्यातल्या अनेकींना वाटलं असेल. आई म्हणून वाटणं साहजिक आहे. पण जरा थांबून विचार करा. तक्रार घ्यायला उशीर झाला, याची चर्चा त्या गोळीच्या आवाजात मागे पडली. खटला चालला असता तर शाळेत कोणी काय दडवलं, कोणी कानाडोळा केला, हे साक्षीपुराव्यात बाहेर आलं असतं. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथंच संपतो, आणि बरेच प्रश्न त्याच्यासोबत जातात. आपल्याला तर ते प्रश्न हवे होते. उद्याही आपल्या मुली शाळेत जाणारच आहेत.

हत्यार कमरेला असूनही

आपल्या मेळघाटातली एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण. जंगलात लाकूडचोरांना तोंड देणारी धडाडीची बाई. २५ मार्च २०२१ रोजी त्यांनी सरकारी रिव्हॉल्वरनं स्वतःचं आयुष्य संपवलं. वरिष्ठाकडून छळ होतो, तो वर सांगूनही दखल घेतली जात नाही, असं त्यांच्या पत्रात लिहिलेलं होतं.

हत्यार होतं, हिंमत होती, हुद्दा होता. नव्हतं ते ऐकून घेणारं माणूस. म्हणून तिखटाची पुडी आणि कराटे हे पुरेसं आहे, असं कोणी म्हणालं तर पटत नाही. अनोळखी माणूस अंधारात अंगावर आला तर ती पुडी कामाची. पण छळणारा साहेब असेल, नातेवाईक असेल, नवरा असेल, तर पुडी कुठं फेकणार? तिथं बाईला वाचवतं ते दुसऱ्या माणसाचं साक्षीला उभं राहणं.

आणि इथं आपण कमी पडतो. शेजारच्या घरातून रात्री रडण्याचा आवाज येतो, आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. "त्यांच्या घरातलं आहे, आपल्याले काय करायचं?" असं म्हणतो. बसमध्ये मुलीला त्रास देणारा दिसतो, आपण खिडकीबाहेर बघतो. पोलिस पंचनाम्याला बोलावतात तेव्हा घरातला पुरुष मागच्या दारानं निघून जातो. मग तोच गुन्हेगार पुराव्याअभावी सुटला की "कायदा आंधळा आहे" म्हणून बोटं मोडतो. कायद्याला दिसावं म्हणून कोणीतरी "मी पाहिलं" असं म्हणावं लागतं. ते म्हणायला आपण तयार नसतो.

पूर्वी देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात, १९७२ साली, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा आरोप झाला. सर्वोच्च न्यायालयात आरोपी सुटले. त्या निकालाविरुद्ध १९७९ साली चार प्राध्यापकांनी जाहीर पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. तिथं कोणी दगड उचलला नव्हता. माणसं फक्त एकीनं आणि न थकता बोलत राहिली. त्याला वेळ लागला, पण त्याचा फायदा पुढच्या साऱ्या जणींना झाला.

हे कागदावर लिहून फ्रीजवर लावा

* संकटात ११२ वर फोन करा. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइनही आहे. फोन केल्याची वेळ मोबाईलमध्ये राहते. "मी मदत मागितली होती" याचा तो पुरावा असतो.
* गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते. हिला झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.
* ठाण्यात नोंद केली नाही तर तीच तक्रार लेखी करून पोस्टानं जिल्हा पोलिस अधीक्षकांना पाठवा. पोच जपून ठेवा. बलात्कार, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांची नोंद करायला नकार देणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते.
* साक्षीदार बाईची चौकशी तिच्या घरीच व्हायला हवी, तिला ठाण्यात बोलावता येत नाही. अपवाद वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही.
* पाठलाग करणं, पुन्हा पुन्हा फोन-मेसेज करणं हा गुन्हा आहे. "अजून काही केलं तर नाही" म्हणून थांबू नका. पहिल्या वेळची नोंद दुसऱ्या वेळी कामी येते.
* बचाव करताना समोरच्याला लागलं तर पळून जाऊ नका, लपवू नका. स्वतः पोलिसांना कळवा, स्वतःच्या जखमांची सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्या, फाटलेले कपडे धुऊ नका. आपण बचाव केला हे कोर्टात आपल्याला दाखवावं लागतं, ते या गोष्टींनीच दाखवता येतं.
* बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. आपल्या भागातल्या बायकांनी अचलपूरच्या कोर्टात चौकशी करावी.

मुलीला पुडी द्या, कराटे शिकवा. हात उचलायची वेळ आली तर उचल, हेही सांगा. सोबत हेही सांगा की धोका टळला की हात थांबायला हवा, आणि त्यानंतरचं काम कायद्याकडून करून घ्यायचं असतं. ते आपोआप होत नाही. त्याच्या मागे लागावं लागतं, चार जणींनी मिळून ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

कस्तुरबानगरच्या बायका बरोबर होत्या की चूक, यावर आजही घराघरांत दोन मतं निघतील. माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पहिली बाई तक्रार घेऊन गेली, तेव्हा तिच्यासोबत कितीजण गेले होते? त्या दिवशी दहा जण गेले असते, तर पुढे दोनशे जणींना तिखट घेऊन कोर्टात जावं लागलं असतं का?

आपल्या आळीतली कोणी उद्या ठाण्यात जायला निघाली, तर चपला घाला आणि तिच्यासोबत निघा.